कानोसा

कोचकोरच्या बाजारामागं, नारिनचा रस्ता जिथं चढाला लागतो,
तिथं एक गंजका कंटेनर, एक खड्डा,
आणि खड्ड्यात उतरायला तीन फळ्या.
हे बेकबोलोत तायकेंचं गॅरेज. तायके म्हणजे मामा.
बाराव्या वर्षापासून मी त्या खड्ड्यात आहे.

तायके गाडीला आधी हात लावत नसत.
ड्रायव्हर सांगू लागला की म्हणत, थांब.
तुझं नको, तिचं ऐकू दे.
मग लांब दांड्याचा पेचकस,
टोक इंजिनवर, लाकडी मूठ कानाला,
चेहरा असा, जणू पलीकडच्या खोलीत
कुणी त्यांचंच नाव घेतंय.

बेअरिंग आहे, म्हणायचे. अजून कुरकुरतंय.
ओरडेल तेव्हा आणू नकोस,
तेव्हा तू डोलोनच्या घाटात असशील.

मला शिकवलं ते असं:
तेलाची पट्टी काढ, पूस, पुन्हा बुडव.
पहिल्या खेपेला ती खोटं बोलते.
तेल मधासारखं, ठीक.
चहासारखं, बदलायला झालं.
दुधाळ दिसलं तर चावी काढून घे
आणि माणसाला पायी घरी पाठव.
टायरवरून तळवा फिरव. एका अंगानं करवतीसारखा लागला
तर चाक रस्त्याकडे तिरकं बघतंय.
हीटर लावल्यावर गोडसर वास आला
तर खूश होऊ नकोस, पाणी गळतंय.

ब्रेकच्या पॅडला पत्र्याची एक जीभ असते,
चहाडी सांगायला मुद्दाम बसवलेली.
इस्काकच्या ऑडीची जीभ अख्खा हिवाळा किंचाळत होती
आणि इस्काक रेडिओ मोठा करत होता.
रेडिओ मोठा करणं, तायके म्हणत,
ही या खोऱ्यातली सगळ्यात महाग दुरुस्ती.

टायमिंगचा पट्टा मात्र बोलतच नाही.
गप्प असतो, आणि एके दिवशी नसतो.
त्याच्यासाठी वही.
गाडी, किलोमीटर, तारीख, पुढं काय करायचं.
तारेनं दाराला बांधलेली, पानांना ग्रीसचे अंगठे.

मग तो मार्च. बाहेर मीठ आणि चिखल.
पेचकसाची मूठ तायकेंच्या कानाशी नव्हती.
त्यांनी ती दातांत धरली होती.
मला वाटलं, हात गुंतलेत.

पुढच्या आठवड्यात किटली शिट्टी घालून घालून कोरडी पडली,
तायके तिच्याशेजारीच बसलेले.
मी ती उतरवली. काही बोलले नाही.
लोक म्हणतील काय, म्हाताऱ्याचा कान गेला,
गाड्या बाल्यक्चीला जातील,
आणि त्यांना तरी कशाला सांगायचं, असं काहीबाही.
मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलू लागले एवढंच.
म्हणजे मीही रेडिओ मोठा केला.

एप्रिलात सुयुन्बेकची मिनीबस आली.
पट्टा कधी घातला होता ते बघायला वही उलटली,
मिनीबसच्या वरच्या ओळीत, त्याच चौकोनी अक्षरात:
डावा कान. ऑक्टोबर. सुरुवात.
किलोमीटरच्या रकान्यात एकसष्ट.
पुढं काय करायचं, तिथं माझं नाव,
ऐझिरेक,
आणि नावासमोर: मूठ धरायला शिकव.

तायके बोनेटला टेकून माझ्याकडंच बघत होते.
पेचकस पुढं केला. मी कानाला लावला.
लाकूड अजून ओलं होतं, दातांचे दोन खळगे गालाला लागले.
आधी नुसता गोंगाट, लग्नघरासारखा.
मग त्याच्या तळाशी, खूप खाली,
कुणीतरी वाळू चाळत होतं.

पंप, मी म्हटलं.
मग तोंड त्यांच्याकडं वळवून, ओठ नीट उघडून, पुन्हा:
पंप.
तायकेंनी बोनेटवर तळवा ठेवला,
बराच वेळ ठेवला,
आणि सुयुन्बेकला म्हणाले,
ती काय म्हणतेय ते ऐकलंस ना? पैसे मोज.